नैनितालच्या दोन काठांवर

नैनितालला गेलात की आधी तलावाची दोन टोकं ओळखून घ्या. बसस्थानकाकडचं तल्लीताल, नैनादेवीच्या देवळाकडचं मल्लीताल. दोन्हींना जोडणाऱ्या मॉल रोडवर गर्दी फार. मला विचाराल तर समोरच्या काठाने जाणारी, झाडांच्या सावलीतली ठंडी सडक धरा. देवळाशेजारचं ‘फ्लॅट्स’ मैदान मात्र नीट पाहा. १८ सप्टेंबर १८८० रोजी इथे दरड कोसळली. १५१ माणसं गेली, जुनं देऊळही गाडलं गेलं. त्याच दगडमातीने हे मैदान वाढलं. आता तिथे पोरं क्रिकेट खेळतात! स्नो व्ह्यू या उंचावरच्या ठिकाणी रोपवेने जायचं तर सकाळीच निघा. ढग चढले की नंदादेवीचं शिखर काही दिसायचं नाही.