नाव घेऊन गेलं की वारीच

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)





वेळ थोडा आहे, म्हणून कीर्तनासारखं लांबण लावत नाही. विषय एकच. दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून या पोरांनी ठरवलंय, की औंदा आषाढीला नर्सीहून पंढरपूरला सायकलीवर जायचं, आणि संगं करोनात सेवा करता करता गेलेल्या ॲम्ब्युलन्सवाल्यांची, नर्सबाईंची, आशाताईंची नावं न्यायची. यावर गावात दोन शंका निघाल्या. एक, मेलेल्यांची नावं घेऊन फिरायची ही रीत परदेशातली, आपल्याला कशाला? दुसरी, सायकलवर बसून गेलं तर ती वारी कशी? दोन्ही शंका जुन्या, जाणत्या माणसांच्या आहेत. त्यांचा मान ठेवूनच बोलतो.

परदेशाचं खरं आहे. अमेरिकेत अशी सायकल यात्रा निघते. रुग्णाला उचलायला गेलेला आणि त्यातच जीव गेलेला जो सेवक, त्याच्या नावाचा बिल्ला गळ्यात घालून त्याचे सोबती रोज शेकडा-दीडशे किलोमीटर सायकल मारतात. चढ येवो, पाऊस येवो. पोरांनी मला मोबाईलवर दाखवलं. मी म्हणलं, लेकरांनो, हे तर आपल्या नामदेवरायांनी सातशे वर्षांआधी केलंय.

मंगळवेढ्याची गोष्ट आठवा. गावकुसाचं बांधकाम चाललं होतं. चोखोबा तिथं मजुरीला. कूस ढासळलं आणि चोखोबा बाकीच्या मजुरांसंगं दगडामातीखाली गेले. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. मजूर मेले, त्यांची चौकशी कोण करणार? बातमी कळली तसे नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात कितीएक जणांची हाडं. त्यातली चोखोबांची कोणती? आपली परंपरा सांगते, की नामदेवराय एकेक हाड कानाला लावत गेले, आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ते उचलत गेले. त्या अस्थी पंढरपुरी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्याला देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याला त्याच दारात जागा करून दिली. पुढं १३५० साली नामदेवराय स्वतः तिथंच पायरीला विसावले. आज महाद्वारात उभं राहिलं की नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी समोरासमोर दिसते.

आता सांगा, कामावर मेलेल्या माणसाची आठवण वाटेनं वाहत नेऊन देवाच्या दारात ठेवायची, ही रीत कोणाची? ज्यांचं जन्मस्थान म्हणून आपण नर्सीची माती कपाळाला लावतो, त्यांचीच की.

आता २०२० साल आठवा. त्या साली आषाढी १ जुलैला होती. दिंड्या निघाल्या नाहीत. मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटीत बसून पंढरपूरला गेल्या, संगं मोजकी माणसं. आपण आपापल्या अंगणात वीणा उभी केली. हिंगोलीत एप्रिलातच राखीव दलाचे जवान बंदोबस्ताहून आजारी होऊन परतले होते आणि सगळ्या जिल्ह्याला धास्ती बसली होती. ज्या घरात कोणी खोकलं त्या घराकडं शेजारी बघत नव्हता. सख्खा भाऊ खांदा द्यायला येत नव्हता. त्या वेळी दारात कोण आलं? १०८ ची गाडी आली.

ही १०८ आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या. गाडीत एक डॉक्टर आणि एक चालक, त्याला पायलट म्हणतात. म्हातारा माणूस झोळीत घालून पांदीतून आणायचा, डांबरीवर गाडीत घ्यायचा, आणि वाटभर त्याचा श्वास सांभाळायचा. करोनात हेच काम ते अंगभर प्लास्टिकचा झगा घालून, वैशाखाच्या उन्हात करायचे. आशाताई घरोघर फिरून ताप मोजायच्या. त्यांना काय मिळालं? देशात जागोजागी नर्सबाईला घरमालक खोली खाली कर म्हणाला. तपासायला गेलेल्यांवर लोकांनी दगड टाकले. २२ एप्रिल २०२० ला सरकारला वटहुकूम काढावा लागला, की आरोग्यवाल्यावर हात उचलून त्याला जबर दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत कैद. विचार करा मायबाप, सेवा करणाऱ्याला वाचवायला कायदा लागला! ज्यांनी आपल्या माणसाला हात लावला, त्यांच्याच हाताचा आपण विटाळ धरला. चोखोबांचं दुःख याहून वेगळं काय होतं?

यातले कितीक जण स्वतः त्याच आजारात गेले. सरकारनं त्यांच्यासाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला. चांगलं केलं. पण पैशानं घर चालतं, नाव चालत नाही. आपल्या कळमनुरीचे राजीव सातव १६ मे २०२१ ला गेले, सगळा जिल्हा हळहळला, आजही त्यांचं नाव निघतं. निघालंच पाहिजे. पण त्याच महिन्यात कोणा गाडीच्या पायलटनं डोळे मिटले असतील, तर त्याचं नाव त्याच्या आईशिवाय कोण घेतं? दिंडीनं घ्यावं, एवढंच या पोरांचं म्हणणं आहे.

आता सायकलीचं. वारी पायी, यात वाद नाही. पायी वारीची सर कशाला येत नाही. आपली दिंडी पायीच जाणार, वीणा पायीच जाणार. पण बघा, आषाढी पडते ती पेरणीच्या तोंडावर. मिरुग लांबला की सोयाबीन राहतं, वसमतकडं हळदीची लागवड राहते. तरण्या पोराला पंचवीस दिवस घर सोडता येत नाही. नर्सीहून औंढा, जवळा बाजार, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत पंढरपूर साडेतीनशे-चारशे किलोमीटर भरतं. सायकलवर ते चार-पाच दिवसांत होतं. बसून जातो म्हणता, तर परळीच्या पुढं बालाघाटाचा चढ आहे, तिथं समोरून वारा लागला की मांड्या भरून येतात. फुकट काही मिळत नाही त्यात.

आणि ही गोष्ट नवी बी नाही. नाशिकचे सायकलवाले दहा वर्षांहून जास्त झालं, आषाढीला सायकलनं पंढरीला जायलेत. २०२२ साली पंढरपूरहून थेट पंजाबात घुमानला सायकली गेल्या, नामदेवरायांच्या नावानं, दोन हजार किलोमीटरच्या वर. नामदेवरायांनी उतारवय त्याच घुमानात काढलं, त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत. इतक्या लांब भक्ती नेणारा माणूस चाकाला नाही म्हणेल का? वारीचं मोजमाप पायानं होतं तसं मुखानंही होतं. मुखात नाम पाहिजे, आणि अंगात दुसऱ्यासाठी झिजायची तयारी.

पोरांनो, आता तुम्हाला चार गोष्टी सांगतो, त्या मात्र पाळा.

पहिली. नाव न्यायच्या आधी त्या घरी जा. आईला, बायकोला विचारा. त्यांनी हो म्हणलं तरच न्या, आणि नाव त्या सांगतील तसंच लिहा. घरचे रडले तर बसा थोडं, चहा घ्या, घाई करू नका.

दुसरी. डॉक्टरचं नाव आधी आणि झाडूवाल्याचं खाली असं करू नका. दिंडीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात. यादीतही तसंच राहू द्या. बॅनर नको, त्यावर पुढाऱ्यांचे फोटो तर नकोच.

तिसरी. अंधारात सायकल चालवू नका. दिवस मावळायच्या आत मुक्काम, मागं लाल दिवा, अंगात चमकणारा पट्टा. २०१९ च्या नोव्हेंबरात दिवे घाटात नामदेवरायांचे वंशज सोपानमहाराज नामदास दिंडीत चालता चालता गेले, मागून जेसीबी घुसला. रस्ता भक्ताला ओळखत नाही. मेलेल्यांची नावं न्यायला निघालात, यादीत भर घालू नका.

चौथी गोष्ट तुम्हाला आणि आम्हा पायी चालणाऱ्यांनाही. वाटेत मागून सायरन ऐकू आला की सगळी दिंडी डाव्या कडेला घ्यायची. टाळ बंद करायची गरज नाही, भजन चालू राहू द्या, पण वाट मोकळी करा. त्या गाडीत कोणाचा तरी बाप आहे. आणि गाडी चालवणारा आजचा जिवंत माणूस आहे. त्याला वाट दिली तर उद्या त्याचं नाव असल्या यादीत कमी येईल. गेलेल्यांची खरी पूजा तीच.

पंढरपूरला पोचलात की आधी चंद्रभागेत अंग ओलं करा. मग महाद्वारात नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी यांच्या मधोमध उभे राहा, आणि एकेक नाव मोठ्यानं वाचा. गर्दी ढकलेल, पोलीस पुढं चला म्हणेल. नाव तोडू नका, पूर्ण वाचा. आम्ही पायी येऊन पोचलेलो असू. प्रत्येक नावानंतर सगळी दिंडी विठ्ठल म्हणील.

शंभर वर्षं या दिंडीनं आपल्या वाडवडलांची नावं सांभाळली. अमुक विणेकरी, तमुक चोपदार, कोण कोणत्या साली वाटेत देवाघरी गेला, हे सगळं वहीत आहे. त्याच वहीत पुढच्या पानावर ही नावं चढवावी, अशी मी दिंडीप्रमुखांना आणि विणेकऱ्यांना हात जोडून विनंती करतो. त्यातला कोणी माळकरी असेल, कोणी नसेल, कोणी दुसऱ्या धर्माचा असेल. नामदेवरायांनी हाड कानाला लावताना जात पाहिली नव्हती.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय.