शल्यविशारद आणि दोन पिते



घरातील मूल दुखण्याने अंथरुणाला खिळले की सारे घर डॉक्टरांच्या शब्दाकडे डोळे लावून बसते. परदेशातील अशा दोन घरांची ही हकिकत आहे.

५ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्क शहरात एका टॅक्सीने बाबागाडीला धडक दिली. गाडीत चार महिन्यांचा थिओ होता. लेखक रोआल्ड डाल आणि अभिनेत्री पॅट्रिशिया नील यांचा तो एकुलता एक मुलगा. जीव वाचला, परंतु मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साचू लागले. ते वाहून नेण्यासाठी शस्त्रक्रियेने एक नळी बसविण्यात आली. पाणी मागे परतू नये म्हणून तिला बारीकशी झडप होती.

ती झडपही एका पित्यानेच घडविलेली. अमेरिकेतील कुलपांच्या कारखान्यातील कारागीर जॉन होल्टर यांचा मुलगा केसी १९५५ साली कण्याचे व्यंग घेऊन जन्मला, आणि त्याच्याही मेंदूत पाणी साचले. फिलाडेल्फियाचे शल्यविशारद यूजीन स्पिट्झ यांच्याकडून अडचण समजावून घेऊन होल्टर यांनी ती झडप तयार केली. १९५६ मध्ये ती प्रथम बसली मात्र दुसऱ्याच मुलाला. केसीची प्रकृती तेव्हा फार खालावली होती. त्याला आयुष्य लाभले ते जेमतेम पाच वर्षांचे.

थिओची झडप वारंवार तुंबे. तुंबली की वेदना, अंधत्व आणि पुन्हा शस्त्रक्रिया. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयातील मेंदूशल्यविशारद केनेथ टिल यांनी कारण शोधले: रक्तस्राव झालेल्या मेंदूतील गाळ झडपेच्या चिरेत अडकतो. डाल यांना स्वस्थ बसवेना. छोटी विमाने उडविण्याच्या छंदातून स्टॅन्ली वेड हे पंप बनविणारे तंत्रज्ञ त्यांच्या ओळखीचे झाले होते. त्यांना त्यांनी या कामात ओढले. आपल्याकडे डॉक्टरांपुढे शंका काढणे हा उद्धटपणा समजला जातो. टिल यांनी एका लेखकाला आणि एका पंपवाल्याला बरोबरीने कामाला घेतले. ही थोरवी शस्त्रकौशल्याहून उणी मानता येणार नाही.

१९६२ पर्यंत तिघांच्या नावांची नवी झडप सिद्ध झाली. तिच्यात चिरेऐवजी धातूच्या दोन चकत्या होत्या. तिच्यावर नफा घ्यायचा नाही, असे तिघांनी ठरविले. तोवर थिओ इतका सावरला होता की त्याला तिची गरजच उरली नव्हती. ती बसली परक्या घरांतील हजारो मुलांना.