आभाळातील खळे



वैमानिकाने तळेगाव ढमढेऱ्यात येऊन काय बोलावे, हा प्रश्न आम्हांला पडला होता. उत्तर खळ्यात सापडले. मळणीचा बैल तिवड्याभोवती फिरतो. दावे त्याला दूर जाऊ देत नाही. ढगांतून उतरणाऱ्या विमानालाही कधी कधी असेच फिरावे लागते. फरक इतकाच की, त्याला दावे नसते.

लोहगावचा विमानतळ येथून सरळ रेषेत सुमारे १४ सागरी मैलांवर आहे. समजा, तेथे तिवडा रोवून १४ मैलांचे वर्तुळ काढले, तर ते आपल्या गावावरून जाईल. वैमानिकांचा तिवडा म्हणजे डी. एम. ई. हे अंतरमापक यंत्र. विमान रेडिओची हाक देते, जमिनीवरचे यंत्र ओ देते आणि मध्ये गेलेल्या वेळावरून अंतर कळते. धावपट्टीची रेषा गाठेपर्यंत ठरलेल्या कंसावरच राहावयाचे. कारण नकाशातील सुरक्षित उंची त्या कंसालगतच्या पट्ट्यापुरतीच खरी. त्यापलीकडे डोंगर असू शकतो.

आता कंसावर यावे कसे? ताशी १५० सागरी मैल वेगाने आत येणारे विमान १४ व्या मैलावर वळू लागले, तर ते कंस ओलांडून आत शिरते. म्हणून पाऊण मैल आधीच वळावयाचे. सेकंदाला ३ अंश, म्हणजे अर्ध्या मिनिटात काटकोन पुरा होतो. पुढेही ते खरे वर्तुळ काढीत नाही. लहान लहान सरळ जीवा जोडीत जाते. मिनिटभर सरळ, मग १० अंश वळण. इतक्याने कंस सुटतो तो जेमतेम शंभर मीटर.

घात करतो तो वारा. शिकाऊ असताना डोंगराळ मुलुखातील एका विमानतळावर उतरताना पाठीवरचा वारा हळूहळू कुशीवर आला व आम्हांला बाहेर लोटू लागला. अशा वेळी नाक थोडे आत घ्यावयाचे; आम्ही पहिलीच दिशा धरून बसलो. अंतर पाव मैलाने वाढले, मग अर्ध्या मैलाने. 'येईल परत,' असे आम्ही मनाशी म्हणत होतो. शेजारचे कप्तान शांतपणे म्हणाले, "वारा बदलला नाही हो, तुम्ही वळलात!" आणि त्यांनी सुकाणू हाती घेतले.

आज उपग्रहांच्या साह्याने विमानातील संगणक असे कंस आमच्याहून सफाईने काढतो. तरीही काट्यावर नजर ठेवणारा माणूस लागतोच. पाव मैलाची चूक पाव मैलावरच कबूल करावी, एवढेच आम्ही त्या दिवशी शिकलो.