दिवाळीचे कार्ड गणपतीतच लिहू या



१९५६ साली राज्यांची फेरआखणी झाली आणि आपले मोहगाव मध्य प्रदेशात राहिले. कचेरीचा व्यवहार हिंदीत चालतो. मराठी आपण घरात जपली. बोलतो रोज, पण हाताने मराठी लिहितो कधी? परदेशी स्नेह्यांना पाठवायचे दिवाळीचे कार्ड हा त्यातला एक उरलेला प्रसंग.

फोनवरच्या शुभेच्छा क्षणात पोचतात, हे खरेच. पण कार्डावर आजीचे अक्षर असते. तिकडची मुले त्यावर बोट ठेवून वाचतात, आणि उत्तर आले की आपल्या मुलांनाही वाचावे लागते.

म्हणून छापील मजकुराखाली नुसती सही नको. संत्र्याचा आंबिया बहर कसा आहे, पोळा कसा झाला, श्रावणात अर्धनारीश्वराला किती गर्दी होती, हे चार ओळींत लिहू या. पत्ता इंग्रजीत, देशाचे नाव शेवटच्या ओळीत ठळक. आतला मजकूर मराठीतच. टपालाला वेळ लागतो, तेव्हा आताच लागू या.

अमेरिकेच्या टपाल खात्याने २०१६ मध्ये पणतीचे चित्र असलेले दिवाळीचे तिकीट काढले. परक्या देशाने एवढी आठवण ठेवली. आपण विसर्जनापर्यंत घरटी एक कार्ड लिहू या.

गणपती बाप्पा मोरया!