मुक्या कळपाची साक्ष



व्याख्यानमालेत इतिहास किंवा अध्यात्म शोभून दिसते. मेंढीच्या खुरांवर बोलावयास उभे राहिले की काहींस हसू येईल. परंतु भूमच्या खव्यापासून आपल्या सकाळच्या चहापर्यंत जिल्ह्यातील दुधाचा सारा व्यवहार या खुरांशी कसा बांधलेला आहे, एवढे दाखविता आले तरी आमचे काम झाले.

लाळ-खुरकत आपणांस ठाऊक आहे ती गाईम्हशींची. ताप येतो, जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड उठतात, लाळेच्या तारा लोंबतात, दूध आटते. मेंढीत हाच रोग बहुधा सौम्य असतो. एखादी मेंढी दोन दिवस मागे रेंगाळते, आणि काटा रुतला असेल असे धनगरास वाटते. उलट पावसाळी चिखलात निराळ्या जंतूंनी खूर कुजले, तरीही मेंढी लंगडते. म्हणजे लंगडणारी प्रत्येक मेंढी खुरकतीची नव्हे, आणि खुरकतीची प्रत्येक मेंढी लंगडत नाही.

ही गफलत किती महाग पडते, हे इंग्लंडने 2001 साली पाहिले. रोग उघडकीस येण्यापूर्वीच बाजारांतून विकलेल्या मेंढ्यांबरोबर तो देशभर पांगला होता. पुढे साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. आपल्याकडेही कळप एका जागी राहत नाही. आज या शेतात बसला, उद्या त्या शेतात; आणि शेजारीच कोणाचा तरी गोठा असतो.

म्हणून डोळ्यांस दिसत नाही ते रक्तास विचारावे लागते. कळपातील काही मेंढ्या निवडून त्यांचे रक्त तपासतात. लस टोचल्याने तयार झालेली प्रतिद्रव्ये कोणती आणि खरा विषाणू अंगात वाढल्याने झालेली कोणती, हा भेदही आता करता येतो. भुवनेश्वर येथे या रोगासाठी राष्ट्रीय संस्था आहे. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रोगनियंत्रण कार्यक्रमात मेंढ्या-शेळ्यांचाही समावेश झाला.

परंतु शास्त्राची गाडी अडते ती माणसांपाशी. तपासणीत कळप 'दोषी' ठरला, तर गावोगाव शिवारबंदी होईल, ही धनगराची धास्ती खोटी म्हणता येणार नाही. तेव्हा हे नीट समजून घ्यावे, की रक्तातील ही खूण रोग होऊन गेल्याचे सांगते. आज रोग आहेच, असे ती सांगत नाही. त्यासाठी फोडांतील किंवा घशातील नमुना पाहावा लागतो. एका चिठ्ठीवरून कळप हाकलून देणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही. हाकललेला कळप नाहीसा होत नाही. तो पुढच्या गावी जातो, आणि पुढच्या वेळी धनगर रक्त काढू देत नाही.

रोग खरोखर असेल, तर कळप थांबलाच पाहिजे. मात्र थांबलेल्या कळपास पाणी हवे, चारा हवा, बसावयास जागा हवी. ज्या गावाच्या जमिनीस लेंडीखत मिळते, त्या गावाने चार दिवस ही सोय करणे हा उपकार नव्हे, देण्याची फेड आहे. आणि गावाने आपल्या गाईम्हशींनाही सहा-सहा महिन्यांनी लस टोचून घ्यावी. कारण रोग गोठ्यातून कळपाकडेही जातो.

मुके जनावर आपली व्यथा सांगू शकत नाही. त्याचा मालक सांगू शकतो. त्याने निर्भयपणे ती सांगावी, असे वातावरण निर्माण करणे आपणां सर्वांच्या हाती आहे.