हळदीची पारख

 

आज मी तुमच्याशी तोंड धुण्याविषयी बोलणार आहे. हसू नका. तुम्ही म्हणाल, ‘तोंड धुवायला का कुणी शिकवावं लागतं? आम्ही काय लहान आहोत?’ लहान नाही, खरं आहे. पण तोंडाला आपण काय लावतो, ते आपल्याला माहीत आहे का? दुकानात साबणाच्या दहा वड्या मांडलेल्या असतात. त्यांतली एक आपण उचलतो. कशावरून उचलतो? रंगावरून, वासावरून, नाहीतर वेष्टनावरच्या बाईच्या चित्रावरून. बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो. साबण घेताना मात्र काहीच बघत नाही.

मीही बघत नव्हते. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. तिला पाहायला पाहुणे यायचे होते. आठ दिवस राहिले होते. पोर उन्हातान्हात कापूस वेचणारी. चेहरा रापलेला. कुणीतरी सांगितलं, ‘कपड्याच्या साबणानं मळ चांगला निघतो, त्यानं घास.’ तिनं सकाळ-संध्याकाळ घासलं. वर लिंबू चोळलं. मग आठवड्याच्या बाजारातून गोरं करणारी एक डबी आणली, तीही लावली. चौथ्या दिवशी तोंड लाल झालं, सुजलं, कातडी सोलून निघाली. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘काय काय लावलंत? वेष्टन दाखवा.’ वेष्टन कुठलं? ते चुलीत गेलेलं. आणि डबीवर तर काही लिहिलेलंच नव्हतं.

बहिणीला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. पण मी साबणाचं वेष्टन कधी वाचलंच नव्हतं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. तेव्हापासून मी वेष्टनं वाचायला लागले. जे समजलं, ते आज तुम्हांला सांगते.

साबण काय काम करतो?

घरी करून बघा. तांब्याला तेलाचा हात लावा आणि नुसत्या पाण्यानं धुवा. तेल निघत नाही. पाणी आणि तेल यांचं जमत नाही. साबण हा त्यांच्यामधला मध्यस्थ. त्याचा एक हात तेलाला धरतो, दुसरा पाण्याला धरतो. मग तेल, घाम, धूळ पाण्याबरोबर वाहून जातं.

पण आपल्या कातडीचं स्वतःचंही थोडं तेल असतं. ते देवानं उगाच दिलेलं नाही. ते ओल आत धरून ठेवतं. शेताला बांध असतो ना, तसं. कडक साबण मळाबरोबर हा बांधही फोडतो. मग कातडी ओढते, खाजते, फुटते. म्हणजे तोंड धुताना मळ गेला पाहिजे आणि बांध राहिला पाहिजे. साबणाची पारख करायची ती एवढ्यासाठी.

हळद काय सांगते?

बायांनो, लुगड्यावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला, तर काय होतं? डाग लाल होतो. तुम्ही सगळ्यांनी हे पाहिलं आहे. पण असं का होतं?

साबण तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून करतात. म्हणून साबण सोड्याच्या जातीचा असतो. हळदीला सोडा लागला की ती लाल होते. आंबट पदार्थ लागला तर पिवळीच राहते. आपली कातडी किंचित आंबट असते. ती तशीच राहिली तर निरोगी राहते. सोड्याच्या जातीचा साबण हा आंबटपणा काही वेळ घालवतो. चांगली कातडी तो पुन्हा भरून काढते. पण दिवसातून पाच वेळा घासलं, तर ती तरी काय करील?

आता हळदीचा कागद करा. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवा. कोऱ्या कागदावर फासा आणि वाळवा. मग एकेका वस्तूचा फेस बोटानं त्यावर लावा.

कपड्याची वडी लावा. कागद गडद लाल होईल. ती तोंडासाठी नाहीच. अंगाचा साबण लावा. तोही लाल होईल. डाळीचं पीठ पाण्यात कालवून लावा. कागद पिवळाच राहील. आता नळीतला फेस वॉश लावा. इथं गंमत आहे. काही फेस वॉशनं कागद पिवळाच राहतो, काहींनी लाल होतो. लाल झाला तर समजा, नळीत साबणच भरला आहे. पैसे मात्र फेस वॉशचे घेतले आहेत.

ही पारख सोड्यापुरतीच आहे. बाकीचं हळद सांगत नाही. ते वेष्टन सांगतं.

वेष्टन कसं वाचावं?

वेष्टन बहुधा इंग्रजीत असतं. त्याला घाबरू नका. आकडे तर तुम्हांला येतात. एस.टी.वरचे वाचता, नोटेवरचे वाचता, मोबाइलवरचे वाचता. अक्षरं शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. तो मोठ्यानं वाचील, तुम्ही कानानं ओळखा.

पहिली गोष्ट. साबणाच्या वेष्टनावर टी.एफ.एम. ही तीन अक्षरं शोधा. त्यांच्यापुढे आकडा असतो. वडीत तेलाचा, म्हणजे स्निग्ध पदार्थाचा भाग शंभरात किती, ते हा आकडा सांगतो. सरकारच्या मानकाप्रमाणे अंगाच्या साबणाचे तीन दर्जे आहेत. पहिल्या दर्जात निदान ७६, दुसऱ्यात निदान ७०, तिसऱ्यात निदान ६०. ‘बाथिंग बार’ असं लिहिलेल्या वडीत ४० असले तरी चालतात. उरलेल्या भागात पाणी असतं, मीठ असतं, पुष्कळदा शंखजिऱ्याची भुकटीही असते. कमी आकड्याची वडी पाण्यात ठेवली की लवकर लगदा होते.

आता हिशेब करू. समजा, दोन वड्या आहेत. दोन्ही १०० ग्रॅमच्या. एकीवर ७६ लिहिलं आहे, किंमत ३८ रुपये. दुसरीवर ५० लिहिलं आहे, किंमत ३० रुपये. स्वस्त कोणती? दिसायला दुसरी. पण पहिलीत ७६ ग्रॅम माल ३८ रुपयांना मिळतो. म्हणजे एका रुपयाला २ ग्रॅम. दुसरीत ५० ग्रॅम माल ३० रुपयांना. म्हणजे रुपयाला दोन ग्रॅमही पडत नाहीत. आणि वजनही बघा. खोका मोठा असतो, वडी लहान असते.

दुसरी गोष्ट. वेष्टनावर घटकांची यादी असते. कायदा सांगतो की जो घटक जास्त, तो आधी लिहायचा. शंभरात एका भागाहून कमी असलेले घटक शेवटी येतात. अगदी लहान पुडीवर यादी नसली तरी चालते. म्हणून यादीतली पहिली पाच नावं नीट ऐका.

सोडियम पामेट. हा पामतेलाचा साबण.

सोडियम कोकोएट. हा खोबरेल तेलाचा साबण. फेस चांगला देतो.

सोडियम टॅलोएट. हा जनावराच्या चरबीचा साबण. ज्यांना तो चालत नाही, त्यांनी हे नाव ध्यानात ठेवावं.

ॲक्वा. म्हणजे नुसतं पाणी. फेस वॉशमध्ये बहुधा हेच पहिलं असतं.

सोडियम लॉरिल सल्फेट. फेस भरपूर, पण कडक. कोरड्या कातडीला सोसत नाही. याचाच भाऊ सोडियम लॉरेथ सल्फेट. तो जरा मवाळ.

कोकामिडोप्रोपिल बीटेन. नाव लांब, पण स्वभाव मऊ. कडक घटकाला तो सौम्य करतो.

ग्लिसरीन. हे कातडीत ओल धरून ठेवतं. यादीत वरच्या बाजूला असलं तर चांगलं.

सॅलिसिलिक ॲसिड. हे मुरुमांवर असतं. मुरूम नसतील तर त्याचे पैसे कशाला द्यावे?

परफ्यूम. म्हणजे वास. वासानं तोंड स्वच्छ होत नाही. काहींना त्यानं खाजही सुटते.

आता चित्राकडे बघा. चित्रात केशराचा ढीग असतो, दुधाची धार असते, बदाम असतात. यादीत केशर कुठं आहे? अगदी शेवटी. म्हणजे नावापुरतं. चित्र मोठं म्हणून माल मोठा असं नसतं.

घरातलं काय बरं?

डाळीचं पीठ वाईट नाही. ते तेल शोषून घेतं, सोडा त्यात नाही, आणि पैसाही फार लागत नाही. पण बारीक चाळून घ्या. जाडं पीठ चेहऱ्यावर ओरखडे काढतं. भिजवलेलं पीठ दुसऱ्या दिवशी वापरू नका. रिठ्याला फेस येतो, पण तो डोळ्यांत गेला तर आग होते. तो केसांना ठेवा. लिंबू तोंडाला चोळून उन्हात जाऊ नका. त्यानं कातडी भाजते आणि काळे डाग पडतात.

तुमच्या विहिरीचं पाणी जड असेल, तर साबणाला फेस येत नाही. पांढरी साय येते आणि ती तोंडाला चिकटते. म्हणून साबण आणखी घासू नका. पाणी जास्त घ्या आणि नीट धुऊन टाका. दिवसातून दोन वेळा साबण पुरे. मध्ये नुसतं पाणी चालतं.

गोरेपणाच्या डब्या

आता शेवटची गोष्ट. ती नीट ऐका. साबणानं कुणी गोरं होत नाही. रंग कातडीच्या आत असतो. साबण वर मिनिटभर राहतो आणि धुतला जातो. तो आतला रंग कसा बदलील?

आणि जी डबी चार दिवसांत गोरं करते, तिची तर भीतीच धरा. काही गोऱ्या करणाऱ्या मलमांत आणि साबणांत पारा घातलेला सापडला आहे. पारा कातडीतून अंगात जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका खास आजाराचे १५ रोगी आढळले. त्यांतले १३ जण गोरं करणारी मलमं लावत होते. आपल्या देशात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी तोंडाला लावायच्या मालात पारा घालायला बंदी आहे. पण चोरून विकणारा नियम पाळत नाही. पारा घातला असं तो लिहीतही नाही.

मग ओळखायचं कसं? डबीवर करणाऱ्याचं नाव आणि पत्ता हवा. परवान्याचा नंबर हवा. केल्याची तारीख हवी. कधीपर्यंत वापरावं, ते हवं. यांतलं एकही नसेल तर ती डबी घेऊ नका. फुकट मिळाली तरी घेऊ नका. आधीच लावत असाल तर आज बंद करा. पायावर, तोंडावर सूज असेल किंवा लघवीला फार फेस येत असेल, तर डबी बरोबर घेऊन सरकारी दवाखान्यात जा.

आमच्या मुलीचं तोंड तीन आठवड्यांनी बरं झालं. नशीब, डबी चारच दिवस लावली होती. ते पाहुणे काही आले नाहीत. पुढे दुसरे आले आणि लग्न झालं. आता ती दुकानात उभी राहून वेष्टनाची मागची बाजू वाचते. दुकानदार म्हणतो, ‘बाई, साबण घेताय की पोथी वाचताय?’ ती म्हणते, ‘थांबा जरा, यादी संपू द्या.’

आजचं घरचं काम सांगते. घरातल्या साबणाचं वेष्टन उद्या घेऊन या. फाटलेलं असलं तरी चालेल. त्यावरचे तीन आकडे पाटीवर लिहून आणा. वजन किती, किंमत किती, टी.एफ.एम. किती. तो तिसरा आकडा सापडला नाही, तर ‘नाही’ असं लिहा. आणि हळदीचा एक कागद करून आणा. उद्या सगळ्यांचे कागद आपण ओळीनं मांडून बघू.

राम राम.