मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि दुबळे यकृत

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया रुग्णाला कितपत झेपेल, हे यकृतावरही ठरते. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने आणि अल्ब्युमिन यकृतातच तयार होतात. सिरॉसिसमध्ये ती घटतात. मग रक्तस्राव लवकर आवरत नाही, आतड्याचा जोड भरून यायला अडचण येते, जंतुसंसर्ग बळावतो. पोटात साठलेले पाणी टाक्यांमधून पाझरत राहिले, तर पट्टी पुन्हापुन्हा भिजते आणि जखम सुकत नाही.

म्हणूनच आधी बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातले पाणी आणि शुद्धीतला फरक पाहून चाइल्ड-पग श्रेणी काढतात. ‘ए’ श्रेणीचे बहुतेक रुग्ण निभावतात. ‘सी’ श्रेणीत शस्त्रक्रियाच जिवावर बेतू शकते. पाणी उतरवायला, पोषण सुधारायला मिळालेले थोडे दिवसही मोलाचे असतात. आतड्याचा मार्ग अचानक बंद झाल्यास मात्र ती सवड मिळत नाही, आणि धोका झपाट्याने वाढतो.